व्हियाफ्रांकातला तो ग्लास : मेन्थिया द्राक्षाबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आणि तुमचे यजमान स्पेनमधल्या सांतियागो तीर्थाची पदयात्रा करत होतात. व्हियाफ्रांका देल बिएर्थो गावात मुक्काम पडला आणि खानावळीत जेवणाबरोबर तांबडी वाईन आली. रंग गडद जांभळा, पण जिभेवर हलकी, आणि वास असा की ग्लास नाकापासून दूर नेववेना. स्पेनची सगळ्यांना ठाऊक असलेली रिओखा समजून प्यायलात, पण ही रिओखा नव्हे हे पहिल्याच घोटाला जाणवलं. बाटलीवर नाव होतं मेन्थिया. दोन बाटल्या पुण्याला आणल्या, त्यातली एक मे महिन्यात मित्रमंडळींसमोर उघडली, तर ती जड आणि नुसत्या अल्कोहोलच्या वासाची लागली. तुम्ही विचारता, वाईन तीच होती का, हे द्राक्ष आहे तरी कुठलं, अशी वाईन पुन्हा कशी ओळखायची, आणि आपल्या नाशकात ती होईल का.

वाईन तीच होती, बदललं ते तापमान. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला दगडी भिंतींच्या, थंडगार युरोपीय घरांतून आला आहे. तिथली खोली म्हणजे १६-१७ अंश. मे महिन्यातल्या पुण्यात तुमची बाटली ३० अंशांच्या पुढे असणार. मेन्थियाच्या वाईनमध्ये साधारण १३ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. वाईन २० अंशांच्या वर गेली की ते अल्कोहोल आधी नाकात शिरतं आणि फुलांचा-फळांचा नाजूक वास त्याखाली दबून जातो. जाड, ओकच्या पिंपात मुरलेली वाईन हा मार थोडाफार सोसते, मेन्थिया सोसत नाही. तिला १४-१५ अंश हवेत. उन्हाळ्यात बाटली दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. तेवढा वेळ नसेल तर बादलीत बर्फ आणि बर्फाइतकंच पाणी घेऊन त्यात वीस मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात बाटली लवकर गार होत नाही, पाण्यामुळे थंडावा काचेला सगळीकडून भिडतो. ग्लासात थोडी थोडी ओता आणि उरलेली पुन्हा गार ठेवा.

आता द्राक्षाकडे वळू. कॅस्टिलियन उच्चारात मेन्थिया, शेजारच्या गॅलिशियाच्या काही भागांत मेन्सिया. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, लेओन प्रांतातला बिएर्थो आणि गॅलिशियातले रिबेइरा साक्रा, वाल्देओर्रास, मोन्तेर्रेई हे याचे मुख्य प्रदेश. पोर्तुगालच्या दाओ भागात हेच द्राक्ष जाएन नावाने लावतात. याच्या वासातला तो हिरवट, मिरीसारखा सूर कॅबर्ने फ्रांक या फ्रेंच द्राक्षाची आठवण करून देतो. त्यामुळे फ्रान्सकडून येणाऱ्या यात्रेकरूंनी कॅबर्ने फ्रांकच्या काड्या आणल्या आणि त्यातून मेन्थिया झाली, असं पुष्कळ वर्षं सांगत. कथा सुंदर आहे, पण डीएनए तपासणीत ती टिकली नाही. मेन्थियाचे आईबाप अल्फ्रोशेइरो आणि पातोर्रा, दोन्ही याच पश्चिम इबेरियातले जुने पोर्तुगीज वाण. म्हणजे तुम्ही जे प्यायलात ते त्याच भागाचं अस्सल लेकरू.

मी बावीस वर्षं नाशिक भागात वाईन बनवतो आहे आणि एक अख्खा हंगाम बिएर्थोत घड तोडण्यात आणि टाक्या धुण्यात घालवला आहे. तिथे शिकलेली एकच गोष्ट सांगायची झाली तर ती अशी : मेन्थियाची नजाकत द्राक्षात आयती भरलेली नसते. ती तीन ठिकाणाहून येते, उतारावरच्या जुन्या वेली, तोडणीचा नेमका दिवस आणि तळघरात आवरलेला हात. यातलं एकही निसटलं तर हेच द्राक्ष अगदी सामान्य वाईन देतं, आणि कित्येक दशकं त्याने तेच दिलं.

तोडणीच्या दिवसापासून सुरू करतो, कारण सगळ्यात अवघड तेच. मेन्थिया लवकर पिकते, बिएर्थोत बहुतेक बागांची तोडणी सप्टेंबरात उरकते. पण तिची अडचण आंबटपणाची. मुळात तो बेताचाच, आणि शेवटच्या दिवसांत झपाट्याने उतरतो. कॅबर्ने सोव्हिन्योंला आठवडाभर जास्त ठेवली तर ती थोडी जाड होईल, एवढंच. मेन्थियाला चार दिवस जास्त ठेवलं तर वाईन शिजवलेल्या जॅमसारखी लागते आणि तोंडात बसकण मारते. लवकर तोडली तर उलट, बिया हिरव्या आणि देठात कडवट तुरटपणा. मधली खिडकी अगदी चिंचोळी.

मी होतो त्या हंगामात रोज सकाळी आम्ही रांगेतून मणी खात फिरायचो. साखर मोजायचं यंत्र खिशात असायचं, पण निर्णय त्यावर व्हायचा नाही. मणी तोंडात दाबायचा, साल वेगळी चावायची, मग बी दाताखाली फोडायची. बी खमंग, भाजलेल्या दाण्यासारखी लागली आणि गराचा आंबटपणा अजून जिभेच्या कडांना झोंबत असला, तर तोच दिवस. एका तुकड्याबाबत आमचा अंदाज चुकला. माणसं दुसऱ्या बागेत अडकली होती म्हणून तो पाच दिवस थांबला. त्या टाकीतला रस गोड आणि दाट निघाला, पण वाईन होता होता तिचा सगळा जिवंतपणा गेला. शेजारच्या टाकीत त्याच उताराचा, वेळेवर तोडलेला माल होता. दोन ग्लास शेजारी ठेवून चाखले तेव्हा एकाच वाणाचे आहेत यावर विश्वास बसेना. पुढे नाशकात शिराझची तोडणी ठरवताना मी दरवर्षी ते दोन ग्लास आठवतो.

आता उतार. बिएर्थो म्हणजे चहूबाजूंनी डोंगर असलेलं एक मोठं खोरं. पश्चिमेचा अटलांटिक ओलावा डोंगर ओलांडून थोडासाच आत येतो, पूर्वेकडून कॅस्टिलच्या पठाराची कोरडी हवा. वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, पण आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून संपणारा नाही. खोऱ्याच्या तळाशी गाळाची, चिकणमातीची सुपीक जमीन आहे, तिथे वेल भरपूर घड धरतो. कडेच्या उतारांवर मात्र मातीचा पातळ थर आणि खाली स्लेट, शाळेची पाटी ज्याची करत तोच दगड, पापुद्र्या-पापुद्र्यांचा. मुळं त्या फटींतून खोल जातात. दिवसा दगड तापतो, रात्री डोंगरावरून गारवा उतरतो, आणि त्या गारव्यामुळेच मण्यातला आंबटपणा टिकून राहतो. अशा जागी ६०, ८०, काही ठिकाणी १०० वर्षांचे वेल आहेत. तारा नाहीत, मांडव नाही, प्रत्येक वेल गुडघाभर उंचीचं स्वतंत्र झुडूप. एका वेलाला मोजकेच घड. जुन्या वेलाचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्याला घड विरळण्याची गरजच पडत नाही, आपल्याला किती पेलवेल ते तो स्वतः ठरवतो.

हे वेल टिकले कसे, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. १८८० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची मुळांचा रस शोषणारी कीड इथे आली आणि बागा नष्ट झाल्या. मग कीड सोसणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलमं करून पुन्हा लागवड झाली आणि तिच्यात मेन्थिया पुढे आली. विसाव्या शतकात पोनफेर्रादा भागात कोळशाच्या खाणी होत्या. घरातला माणूस खाणीत जायचा आणि वाडवडिलांचा अर्ध्या-पाव एकराचा तुकडा सुट्टीच्या दिवशी सांभाळायचा. माल सहकारी संस्थेला वजनावर जायचा, तिथे उताराचा आणि तळाचा एकत्र मिसळायचा. म्हणून बाहेरच्या जगाला मेन्थिया म्हणजे याच वर्षी पिऊन टाकायची पातळ, स्वस्त वाईन एवढंच माहीत होतं. पण तुकडे इतके लहान आणि चढ इतके तीव्र की ते उपटून यंत्राने नवी लागवड करणं कोणाला परवडलं नाही. जुने वेल त्यामुळेच राहिले.

बिएर्थोला स्वतःच्या नावाचा कायदेशीर दर्जा १९८९ मध्ये मिळाला, पण खरा पालट दहा वर्षांनी झाला. रिओखातल्या आल्फारो गावच्या वाईन घराण्यातला आल्वारो पालाथिओस तोवर स्पेनच्या ईशान्येकडच्या प्रिओरातच्या स्लेटच्या डोंगरांवर नाव कमावून बसला होता. १९९८-९९ च्या सुमारास तो आणि त्याचा भाचा रिकार्दो पेरेथ पालाथिओस व्हियाफ्रांकाच्या शेजारच्या कोरुयोन गावी आले आणि तिथल्या उतारांवरचे जुने तुकडे एकेक करून घेऊ लागले. आल्वारोच्या वडिलांच्या, होसे पालाथिओस यांच्या नावावरून त्यांनी वाईनघराला 'देसेन्दिएन्तेस दे होता पालाथिओस' म्हणजे 'जे. पालाथिओस यांचे वंशज' असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : प्रत्येक उताराची वाईन वेगळी करा, मिसळू नका. मोन्थेर्बाल, लास लामास आणि जेमतेम अर्ध्या हेक्टरचा ला फाराओना, हे तुकडे आज जगभर नावाने ओळखले जातात. सर्वसामान्यांना परवडणारी त्यांची वाईन म्हणजे 'पेतालोस', तिच्यात अनेक शेतकऱ्यांचा माल असतो. पेतालोस म्हणजे पाकळ्या. तो वास घेतला की नाव तेच का, हे सांगावं लागत नाही.

मधल्या काळात एक वाईट वळणही आलं. नाव झालं तसं बऱ्याच जणांनी ही द्राक्षं जास्त पिकवून, सालींतून जेवढा रंग आणि तुरटपणा ओढता येईल तेवढा ओढून, कोऱ्या ओक पिंपांत भरायला सुरुवात केली. त्या वाईन काळ्याकुट्ट असत आणि त्यांना व्हॅनिला, कॉफीचा वास येई. मेन्थियाची साल रंगाने श्रीमंत आहे, त्यामुळे हा मोह समजू शकतो. पण तिचा आवाज बारीक आहे, ओकच्या गोंगाटात तो ऐकूच येत नाही. तुम्हाला दुकानात एखादी मेन्थिया जड लागली, तर बहुधा ती अशीच बनवलेली असेल.

हात आवरणं म्हणजे काय, ते सांगतो. रेड वाईन आंबत असताना साली वर तरंगून त्यांचा जाड थर बसतो. तो खाली दाबत राहायचा किंवा खालचा रस वर फिरवायचा, नाहीतर थर सुकून बिघडतो. हे दिवसातून चार वेळा जोरात केलं की सालीतलं सगळं बाहेर येतं, चांगलं आणि कडवट दोन्ही. मेन्थियाला सकाळ-संध्याकाळ हलकंसं भिजवणं पुरतं. चहा उकळावा की नुसता मुरवावा, तसा हा फरक. बरेच जण काही घड देठांसकट टाकतात. देठ पिकून तपकिरी झालेले असतील तर त्यातून मसाल्याचा, सुक्या पाल्याचा एक सुगंध येतो आणि वाईनला कणा मिळतो. नंतर वाईन मोठ्या, वापरलेल्या पिंपांत किंवा लाकडी हौदांत मुरवायची, म्हणजे लाकडाची चव न लागता हवा तेवढी मिळते. वाल्तुइये दे आबाखो गावच्या राउल पेरेथने या पद्धतीचा मोठा धडा घालून दिला. त्याची 'उल्त्रेइया' मालिका मिळाली तर सोडू नका. उल्त्रेइया ही तर तुमच्याच वाटेवरची हाक, जुने यात्रेकरू एकमेकांना 'पुढे चला' म्हणून द्यायचे ती.

बिएर्थोवरच थांबू नका, कारण मला स्वतःला सगळ्यात नाजूक मेन्थिया भेटली ती पश्चिमेला, रिबेइरा साक्रात. सिल आणि मिन्यो नद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्या, आणि त्यांच्या काठावर पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या. अशा शेतीला तिथे 'वीरांची द्राक्षशेती' म्हणतात आणि त्याला निकषही आहेत : ३० टक्क्यांहून जास्त उतार, ५०० मीटरच्या वरची उंची, किंवा पायऱ्यांची शेती. रिबेइरा साक्रातले काही चढ ८० टक्क्यांपर्यंत जातात. ट्रॅक्टरचा प्रश्नच नाही. क्रेट खांद्यावरून वर आणायचे, नाहीतर एकेरी रुळावरच्या छोट्या गाडीतून ओढून घ्यायचे. १९६३ मध्ये मिन्योवर बेलेसारचं धरण झालं तेव्हा काठच्या बागा पाण्याखाली गेल्या, आणि तुमच्या यात्रामार्गावरचं जुनं पोर्तोमारीन गावही. तिथलं दगडी चर्च आधी एकेक दगड उतरवून वर नव्या गावात पुन्हा बांधलं होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल.

इथली मेन्थिया बिएर्थोपेक्षा सडपातळ, आंबटपणा थोडा जास्त. लाल करवंद, ओल्या पाटीचा वास, मिरी, किंचित धूर. आमान्दी हा तिथला सगळ्यात नावाजलेला पोटविभाग. गिमारो, आल्गेइरा, दोमिनियो दो बिबेई ही नावं लक्षात ठेवा. पैकी गिमारोची साधी, लाकडाशिवायची वाईन नवख्या माणसाच्या हातात मी सगळ्यात आधी देईन.

बाटली निवडताना काय पाहायचं, तर फक्त 'मेन्थिया' हा शब्द पाहून घेऊ नका. जागा पाहा. बिएर्थोने २०१७ पासून जागेनुसार पायऱ्या आखल्या आहेत : 'विनो दे विया' म्हणजे एका गावाच्या हद्दीतली, 'विनो दे पाराखे' म्हणजे त्या गावातल्या एका ठरावीक शिवारातली, आणि त्यावर नामांकित बागांचे दोन दर्जे. वर जावं तसं हेक्टरी उत्पन्न कमी ठेवावं लागतं. आपल्याकडे गावाच्या शिवाराला नाव असतं, माळाचं शेत, ओढ्याकाठचं शेत, तसंच हे. 'विन्यास व्हिएखास' म्हणजे जुन्या वेलींची. 'खोवेन' म्हणजे त्याच वर्षाची, लाकडाशिवायची, आणि तुम्ही खानावळीत प्यायलात ती बहुधा अशीच असणार. मागच्या लेबलवर १४.५ किंवा त्याहून जास्त टक्के अल्कोहोल असेल आणि नव्या फ्रेंच पिंपांचं कौतुक असेल, तर तुम्हाला आवडलं ते त्यात सापडेल असं मला वाटत नाही. भारतात आयात वाईनवर अनेक वर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं, त्यामुळे इथल्या दुकानांत अशी कमी ओळखीची नावं क्वचितच दिसतात. परदेशातून येताना माणशी दोन लिटर सोबत आणता येतात, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या. पुढच्या खेपेला त्यातली एक रिबेइरा साक्राची असू द्या.

नाशकाचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण मीही तो स्वतःला विचारला आहे. स्पेनची टेम्प्रानियो आपल्याकडे लागली आहे आणि चांगली वाईनही देते. पण मेन्थियाबद्दल मी आशावादी नाही. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, आणि रेड वाणांची तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना. बिएर्थोत उलटं, मणी पिकत असताना रात्री गार होत जातात. आपल्याकडे मुळातल्या धडधाकट वाणांनाही शेवटच्या टप्प्यात आंबटपणा टिकवणं जड जातं, आणि टाकीत टार्टरिक ॲसिड घालून तोल सावरावा लागतो. मेन्थियासारखं घसरणारं द्राक्ष त्या उन्हात रंग देईल, साखर देईल, पण तुम्हाला भावलेला तो जिवंतपणा देणार नाही. शिवाय डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या दोन्ही रोगांना ती बळी पडते. एखाद्या शेतकऱ्याने माझ्याकडे सल्ला मागितला तर मी त्याला यात पैसे घालू देणार नाही.

जेवणाचं सांगतो आणि थांबतो. बिएर्थोत या वाईनबरोबर बोतियो खातात, डुकराच्या बरगड्या-शेपटीचं मांस लाल मिरची-लसूण लावून आतड्यात भरून, धुरी देऊन केलेला गोळा. चुलीवर भाजून सोललेल्या लाल मिरच्याही तिथल्या प्रसिद्ध. या दोन्हींतला धूर मेन्थियाला जुळतो, म्हणून आपल्या घरात मला तिच्याबरोबर निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत फार आवडतं, मिरची बेताची ठेवून. साध्या आलं-लसणाच्या वाटणातलं मटण, अळंबीची भाजी, भाजलेली कोंबडी, हेही चालेल. कोल्हापुरी तांबड्या रश्शाबरोबर मात्र नको. तिखटाने अल्कोहोल आणखी जळजळतं, आणि तुरटपणा जिभेला टोचू लागतो.

तुमच्याकडे एक बाटली उरली आहे. मे महिन्याची उष्णता तिनेही सोसली आहे, त्यामुळे ती वर्षानुवर्षं जपू नका. घरात बारा महिने १५-१६ अंशांची जागा नसेल, तर आत्ता फ्रीजच्या दारात नाही, आतल्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवून द्या. डिसेंबरच्या एखाद्या गार संध्याकाळी दीड-दोन तास आधी बाहेर काढा, मोठ्या पोटाच्या ग्लासात तिसरा हिस्साच भरा, आणि पहिला घोट घेण्याआधी वास घ्या. तो व्हियाफ्रांकातला निघाला का, ते मला नक्की कळवा.